हर्णैची फिरणारी ग्रिप: नवी बसवण्याआधी पाईप बघा

तुम्ही लिहिलंय की घर हर्णै बंदराजवळ आहे, पाऊस लागला की मोटरसायकलच्या हँडलची डावी ग्रिप (मुठीचं रबर) हातात गोल फिरते, गॅरेजमध्ये झटपट चिकटणारा गोंद टाकून दिला तरी महिन्याभरात पुन्हा तेच. आता नवी जोडी आणून घरीच बसवायचा विचार आहे. जरूर बसवा. पण दुखणं बहुधा रबरात नाही, आतल्या लोखंडी पाईपात आहे.

आपल्याकडे खारा वारा बारा महिने. पाणी हँडलच्या टोकातून आणि स्विचच्या बाजूने ग्रिपखाली शिरतं आणि तिथे वाळतच नाही. जुनी ग्रिप काढलीत की तांबूस पापुद्रे दिसतील, नखाने खरवडले तरी सुटणारे. गोंद त्या पापुद्र्याला धरतो आणि पापुद्रा पाईपावरून सुटतो. मग गोंद कितीही भारी असो, उपयोग काय?

हँडलच्या टोकाला स्क्रूने बसवलेलं वजन असेल तर आधी ते काढा. त्याचा स्क्रू आपल्या हवेत हमखास जाम झालेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर लावा. डोकं एकदा झिजलं की ड्रिल मारण्यावाचून गत नाही. जुनी ग्रिप टाकूनच द्यायची आहे, तेव्हा ब्लेडने लांबीला चिरून काढा. उजवीकडे मात्र ब्लेड हलक्या हाताने, कारण तिथे रबराखाली प्लास्टिकची थ्रॉटल नळी आहे, रेस देताना फिरते ती.

डावा पाईप पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. खड्डे पडले असतील तर प्रायमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बसवतानाही तेच थोडं ग्रिपच्या आत लावलं की ती सरकन जाते आणि ते उडून गेलं की पकड धरते. तेल, ग्रीस किंवा तो गंजाचा स्प्रे इथे अजिबात नको. त्याचा थर मागे राहतो आणि ग्रिप कायमची फिरत राहते. किनाऱ्यावर मात्र मी डावीकडे नुसत्या अल्कोहोलऐवजी ग्रिपसाठीचा रबरी गोंदच सुचवेन. झटपट गोंदाचा थर कडक आणि ठिसूळ होतो, हँडलच्या कंपनाने तडकतो. रबरी गोंद लवचीक राहतो.

दोन्ही ग्रिप वरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. बहुतेक गाड्यांच्या हँडलचं टोक २२ मिमीचं असतं, उजवी ग्रिप त्यावरच्या नळीवर बसते म्हणून तिचं भोक मोठं. काही गाड्यांना ती नळीसकटच मिळते, दुकानात गाडीचं मॉडेल सांगून घ्या.

आणि उजव्या बाजूला घाई करू नका. गोंद ग्रिप आणि नळी यांच्यामध्येच हवा. नळी आणि हँडल यांच्यामध्ये थेंबभरही गेला तर रेस अडकते, आणि केळशीकडे जाताना वळणावर रेस अडकली तर काय होईल ते सांगायला नको. शक्य असेल तर स्विचचा डबा उघडून, केबल सोडून नळी बाहेरच काढा, आतली वाळू-माती पुसा, ग्रिप तिच्यावर चढवा आणि मग परत लावा. ग्रिपचं टोक आणि वजन यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट ठेवा.

इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण पिळा आणि सोडा: खटकन मागे आली पाहिजे. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, तिन्ही वेळा. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, गाडी बाहेर काढू नका. गोंद डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्या. पावसाळी हवेत एखादा दिवस जास्तच.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वरचेवर जात असाल तर घरी आल्यावर ग्रिपची टोकं गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसत चला.