विमानं उभी आहेत, कॅप्टन निवृत्त होत नाहीत; मग आमच्या मुलाचा नंबर कधी लागणार?

2024 च्या मार्चमध्ये साताऱ्याकडचं एक कुटुंब समुपदेशनाला आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 24 वर्षांचा. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात येऊन चार महिने झालेले, लॉगबुकात 204 तास. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आई अंगणवाडीत. शैक्षणिक कर्जासाठी घर तारण.

वडिलांनी वर्तमानपत्रांची कात्रणं फाइलला लावून आणली होती. पहिलं गो फर्स्ट या विमान कंपनीचं: 3 मे 2023 पासून उड्डाणं बंद. दुसरं इंडिगोचं: प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांमुळे सत्तरच्या वर विमानं जमिनीवर. तिसरं अमेरिकेचं: वैमानिकांचं निवृत्तीचं वय 65 वरून 67 करण्याची चर्चा. ते म्हणाले, "मी 58 ला घरी बसलो. हे लोक 67 पर्यंत खुर्ची सोडणार नाहीत, त्यात विमानं उभी. मग याला जागा कुठून मिळणार? एक जण सांगतोय, अठरा लाख भरून टाइप रेटिंग करून घ्या, मग एअरलाइन उचलतेच. राहतं घर विकून भरू का?" (टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याची परवानगी.)

हा प्रश्न आता घरोघरी आहे. तीन कात्रणांचा परिणाम तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतो, आणि ते एकत्र वाचले की भीती तिप्पट होते. म्हणून एकेक सोडवून घेतलं.

आधी हिशेब. ए320 जातीचं विमान दिवसाला सुमारे 13 तास उडतं, म्हणजे वर्षाला 4,745 तास. कॉकपिटमध्ये दोघे, म्हणून वैमानिकांचे तास 9,490. कायद्याने एका वैमानिकाला वर्षात 1,000 तासांपलीकडे उडता येत नाही. रजा, आजारपण, सिम्युलेटर आणि स्टँडबाय (ऐनवेळच्या गरजेसाठी राखीव राहण्याचे दिवस) वजा जाता प्रत्यक्षात साडेसातशे-आठशे तास हाती लागतात. भागाकार केला की एका विमानामागे बारा वैमानिक येतात. वडिलांनी लगेच गुणाकार केला: सत्तर विमानं म्हणजे 840 जागा. चेहरा उतरला.

पण या आकड्याला दुसरी बाजू आहे. भरती ठरते ती उडणाऱ्या विमानांच्या संख्येवर, उभ्या विमानांवर नव्हे. इंडिगोचा ताफा तेव्हा साडेतीनशेच्या वर होता. नवी विमानं येतच होती, आणि जुन्या ए320 चे भाडेकरार वाढवून ती परत करणं कंपनीने लांबवलं होतं. एका हाताने गेलेल्या जागांपैकी बऱ्याच दुसऱ्या हाताने भरून निघत होत्या. बातमीत मात्र उभ्या विमानांचाच आकडा ठळक असतो.

इथे एक बारीक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. उणीव भरायला कंपन्या परदेशी विमानं वेट लीजवर घेतात. हे विमान परदेशी कंपनीच्या वैमानिकांसहच येतं. आसनं वाढतात, तिकिटं विकली जातात, पण इथल्या नव्या मुलासाठी एकही उजवी सीट, म्हणजे को-पायलटची जागा, तयार होत नाही. 'नवं विमान दाखल' असं वाचलं की ते कुणाच्या क्रूसह आलं, हे आधी बघायचं.

विमानं उभी राहण्याचं कारणही समजून घेणं गरजेचं होतं, कारण ती कधी उडतील हे त्यावर ठरतं. काही वर्षं इंजिनांच्या टर्बाइन डिस्कसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष होता. तो जुलै 2023 मध्ये जाहीर झाला. इंजिन उतरवायचं, उघडायचं, डिस्क तपासायच्या किंवा बदलायच्या, परत बसवायचं. रांगेसकट एका इंजिनाला 250 ते 300 दिवस लागणार, असं तेव्हा इंजिन कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे हे दोन-तीन वर्षांचं दुखणं होतं, कायमचं नव्हे. 2019 च्या मार्चमध्ये जमिनीवर आलेल्या 737 मॅक्सला भारतात परत उडायची परवानगी 2021 च्या ऑगस्टमध्ये मिळाली. अशा गोष्टी सावकाशच सुटतात.

विमान परत आलं तरी नव्या मुलाची भरती लगेच होत नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. टंचाईच्या काळात असलेल्या वैमानिकांचे तास घटतात. महिन्याला 75 उडणारा 50 वर येतो. विमान परतलं की आधी हाच माणूस पुन्हा 75 वर जातो. नवा घ्यायची वेळ त्यानंतर येते. शिवाय नव्याला सिम्युलेटरनंतर (सिम) खऱ्या विमानावरची लँडिंग लागतात, हे बेस ट्रेनिंग; मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवासी उड्डाणांवर लाइन ट्रेनिंग. उड्डाणंच कमी असली की प्रशिक्षणासाठीच्या फेऱ्याही कमी मिळतात. सिम होऊन मुलं महिनोन् महिने बेस ट्रेनिंगची वाट बघत बसतात ती यामुळे.

वर कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याचीही गाडी अडते. त्यासाठीच्या एटीपीएल परवान्याला 1,500 तास लागतात. 200 तासांचा मुलगा महिन्याला 75 च्या गतीने उरलेले 1,300 तास साधारण 17 महिन्यांत करतो, 50 च्या गतीने 26 महिने लागतात. को-पायलट कॅप्टन होत नाही तोवर त्याची सीट रिकामी होत नाही.

गो फर्स्टचं कात्रण याहून गंभीर होतं. तिथले शेकडो वैमानिक एकदम बाजारात आले, तेही ए320 चं रेटिंग आणि हजार-दोन हजार तास घेऊन. 204 तासांच्या मुलाची स्पर्धा बरोबरीच्या मुलाशी उरली नाही. तयार माणूस मिळत असताना कंपनी कोरा कशाला घेईल? हा धक्का खरा होता. पण ही मंडळी एकदाच सामावली जातात. वर्ष-दीड वर्षात हा साठा संपतो.

आता निवृत्तीचं वय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन वैमानिकांच्या व्यावसायिक उड्डाणात कमाल वय 65, आणि आपल्याकडेही तेच. साठीनंतर वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी. अमेरिकेत 2007 च्या डिसेंबरमध्ये वय 60 चं 65 झालं, आणि वर मंदी आली. तिथले धाकटे को-पायलट वर्षानुवर्षं एकाच जागी अडकले. वडिलांची भीती निराधार नव्हती.

पण ती अमेरिकेची गोष्ट आहे. आपल्याकडे स्वस्त विमानसेवेची लाट 2003 नंतरची. 2005-06 मध्ये पंचविशीत उजव्या सीटवर बसलेला वैमानिक आज पंचेचाळिशीच्या आसपास आहे. त्याची पासष्टी येईल 2045 च्या सुमारास. आपल्या कॅप्टनांचा मोठा गठ्ठा निवृत्तीपासून लांब आहे, त्यामुळे 65 चे 67 झाले तरी या मुलाच्या पहिल्या नोकरीवर फारसा फरक पडत नाही. त्याला जागा मिळणार ती ताफा वाढल्याने. शिवाय एखाद्या देशाने एकट्याने वय वाढवलं, तर 65 ओलांडलेल्या कॅप्टनला परदेशी हद्दीत उडता येत नाही. मोठ्या विमानावरून त्याला देशांतर्गत छोट्या विमानावर आणावं लागतं. खालचे सरकतात आणि प्रत्येकाला नव्याने सिम द्यावं लागतं. कंपन्यांनाही हे सोपं नाही. 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या कायद्यात 67 आलं नाही. 2025 मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने तोच प्रस्ताव इकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेपुढे नेला, तोही मान्य झाला नाही.

मग सल्ला काय? टाइप रेटिंगवर उत्तर स्पष्ट होतं: एअरलाइनचं लेखी पत्र हातात नसताना एक रुपयाही भरायचा नाही. रेटिंग एका जातीच्या विमानाचं असतं. ए320 चं केलं आणि जागा 737 किंवा एटीआरच्या निघाल्या, तर अठरा लाख अडकले. रेटिंग झाल्यावर उडायला मिळालं नाही तर हातही जातो, मग पुन्हा सिम, पुन्हा तपासणी.

फाइल चाळताना खरी अडचण वेगळीच निघाली. मुलाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर; बाहेरचं दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची परवानगी) पाच आठवड्यांत संपत होतं. ते 12 महिनेच चालतं, आणि भरतीच्या अर्जात चालू आयआर आणि मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) रेटिंग बहुधा मागतातच. जाहिरात येते तेव्हा मुदत असते आठ-दहा दिवसांची, आणि नूतनीकरणासाठी विमान आणि परीक्षक मिळेपर्यंत महिना जातो. त्याच्याबरोबरची दोन मुलं याच कारणाने एका भरतीतून बाद झाली होती. त्याची क्लास 1 मेडिकलही (व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय तपासणी) जुलैत संपणार होती. अठरा लाखांच्या चर्चेत या दोन तारखांकडे घरात कुणाचं लक्ष नव्हतं.

क्रम असा ठरला: आधी आयआर, मग मेडिकल, मग असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना उडायला शिकवण्याची परवानगी. पगार कमी, पण तास वाढतात आणि बोलणं-समजावणं सुधारतं, ते मुलाखतीत लगेच दिसतं. कर्जाची वसुली सहसा अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होते. हातात आठ महिने होते. बँकेकडून हप्त्याची तारीख आणि रक्कम लेखी घ्यायला सांगितलं, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पगारातून किती भागेल ते आधीच कळेल. मुलाला रोज दोन तास मीटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), परफॉर्मन्स आणि रेग्युलेशन्सची उजळणी. लेखी परीक्षेला वर्ष लोटलं की सगळ्यात आधी हेच विसरतं.

आईने एकच प्रश्न विचारला, "किती दिवस थांबायचं?" त्यावर तारीख ठरवली: मार्च 2026. तोवर दोन भरत्यांना सामोरं जायचं. जमलं नाही, तर इन्स्ट्रक्टर म्हणूनच पुढे जायचं की ऑपरेशन्स, डिस्पॅच (उड्डाणांचं जमिनीवरून नियोजन) यांकडे वळायचं, ते तेव्हा ठरवायचं. घर विकण्याचा विषय तारखेपर्यंत बंद.

मधल्या काळात चित्र पालटलं. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचे वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. तेवढ्याच विमानांना जास्त वैमानिक लागू लागले. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांची उणीव देशाने पाहिली. त्यातही पालकांनी लक्षात ठेवावं: कॅप्टनला नोकरी सोडताना वर्षभराची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि नवा भरती केलेला मुलगा लाइनवर यायला कित्येक महिने जातात. टंचाई आज दिसली तरी पत्र आज येत नाही.

हा मुलगा दुसऱ्या भरतीत निवडला गेला. अर्जाच्या दिवशी आयआरची चार महिन्यांची मुदत शिल्लक होती. सध्या त्याचं ए320 चं सिम संपलंय आणि बेस ट्रेनिंगची तारीख लागायची आहे. आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तीन तारखा लाल पेनाने गोल केल्या आहेत: मेडिकल, आयआर, बँकेचा हप्ता.