शंका-समाधान : टकरीतून कृष्णविवर?

प्रश्न : सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या यंत्रात सूक्ष्म कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या एलएचसी या सर्नच्या कणवेगवर्धकात २०२२ पासून प्रोटॉनांच्या टकरी १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे कणांच्या ऊर्जेचे एकक) होतात. आकडा दांडगा वाटतो, पण १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मासुंदा तलावाकाठी घोंगावणाऱ्या एका डासाच्या गतीतली ऊर्जा. फक्त प्रोटॉनाहून लहान जागेत कोंबलेली. नेहमीच्या तीन मितींत (लांबी, रुंदी, उंची) कृष्णविवराला एलएचसीतल्या ऊर्जेच्या एकावर १५ शून्ये इतकी पट ऊर्जा लागेल. जादा मिती असल्या तरच ते जमेल, आणि त्यांचा पुरावा अद्याप नाही.

समजा, झालेच. कृष्णविवर जितके लहान तितके तप्त, त्यामुळे हॉकिंग उत्सर्जनाने, म्हणजे स्वतःची ऊर्जा कणांच्या रूपात बाहेर टाकत, ते सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात फुटेल. मग सीएमएस आणि अ‍ॅटलास या एलएचसीवरच्या कणशोधकांमध्ये एकाच टकरीतून चहूबाजूंना अनेक ऊर्जावान कणझोत दिसायला हवेत. पंचाईत अशी की, प्रोटॉनातल्या क्वार्क-ग्लुऑन या घटककणांच्या साध्या टकरीही असे झोत देतात. म्हणून नेहमीची संख्या आधी काढून जादा किती ते बघतात. जादा काही सापडलेले नाही.

उत्सर्जनावर विश्वास नसेल तर वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, पाहा. याहून जोरदार टकरी वातावरणात सतत होतात. ‘तिथली कृष्णविवरे वेगाने निसटत असतील’ ही शंका रास्त आहे, पण श्वेत बटू ताऱ्यांनी (विझलेल्या ताऱ्यांच्या घनदाट गाभ्यांनी) ती कृष्णविवरे अडवली असती आणि मग त्यांनी ते तारेच गिळले असते. पण ते तारे अब्जावधी वर्षे शाबूत आहेत.