यातून देवानं काय शिकवलं?

प्रिय शारू,

सलाम.

नाताळच्या आदल्या रात्री आपली गाडी सुरूच झाली नाही आणि मराठी उपासना चुकली. तू किती दिवस तिची वाट बघत होतीस हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी रडवेल्या आवाजात तू हे आजीला फोनवर सांगितलंस, तर ती म्हणाली, "बरं, मग यातून देवानं काय शिकवलं?" फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "आई, आपल्यात सगळे असं का विचारतात, ही मराठी पद्धत आहे का? आणि मला शिकवायला देवानं खरंच आपली गाडी बंद पाडली का?" बोलण्यात असे विषय अर्धवट राहतात, म्हणून लिहून देते आहे. मराठीतच लिहिते. तुला वाचायला जरा वेळ लागेल, पण लागू दे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही, देवानं गाडी बंद पाडली नाही. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला, त्या रात्री पारा उणे अठराच्या आसपास होता. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. एवढ्या थंडीत तिचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. त्यात आपली बॅटरी जुनी. देवानं सृष्टीला जे नियम घालून दिलेत ते नाताळच्या रात्रीही चालूच असतात, आणि चालू असतात हेच बरं आहे.

असाच प्रश्न येशूसमोरही आला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात आहे बघ. शिलोहातला बुरूज कोसळला आणि त्याखाली अठरा माणसं मेली. येशू लोकांना विचारतो, यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा ती अठरा जणं जास्त दोषी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांच्या पापाचा हिशोब तो मांडू देत नाही. जो जिवंत आहे, जो ऐकतो आहे, त्यानं स्वतःकडे बघावं, एवढंच सांगतो. पुढे मी जे लिहिणार आहे ते सगळं मी इथूनच शिकले.

आता पहिला प्रश्न. आपल्या नगरकडच्या मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. 31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना असते, तेव्हा एकेक जण उभा राहून सरत्या वर्षाबद्दल सांगतो. फार मोठं काही नसतं. कुणाची म्हैस दगावली, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचा मुलगा दहावीत नापास झाला आणि मग काय झालं, असं. शेवटी भजन, पेटी-तबला, आणि बारा वाजता सगळे गुडघ्यावर. आजी लहानपणापासून हे ऐकत आलेली. काही बिघडलं की त्यात देव कुठे होता हे शोधायचं, ही तिच्या मनाची सवयच झालेली आहे.

पण ही सवय आपल्याला केवळ मिशनऱ्यांनी दिली असं कुणी तुला सांगितलं तर मानू नकोस. दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, बायको गेली, आणि तुकोबा विठ्ठलाला म्हणाले, बरंच झालं देवा, दिवाळं निघालं, दुष्काळानं पीडलं ते बरं झालं, त्यामुळेच तुझी आठवण राहिली. आपले कवी नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि पुढे म्हणाले की मी तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले. तू उपासनेत जी मराठी भजनं म्हणतेस, त्यातली कितीतरी त्यांची आहेत. तेव्हा आजीच्या त्या प्रश्नात बायबल आहे आणि देहूही आहे. तू मराठी पद्धत म्हणालीस ते अगदी बरोबर आहे.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घे. तुकोबांनी 'बरं झालं' म्हटलं ते स्वतःच्या दिवाळ्याला. शेजाऱ्याच्या दिवाळ्याला नाही.

तुझ्या मामाला लहानपणी पोलिओ झाला हे तुला माहीत आहे. तेव्हा बाहेरगावचे एक उपदेशक घरी आले होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले, घरात काहीतरी लपलेलं पाप असणार, आधी ते कबूल करा. आजीनं हातातला चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला, कपाटावरचं बायबल काढलं आणि म्हणाली, "योहानाचा नववा अध्याय तुम्हीच वाचा, मला चष्मा सापडत नाही." चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. त्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? आणि येशू म्हणतो, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. उपदेशकांनी तेवढं वाचलं, चहा घेतला आणि गेले. पोलिओ विषाणूनं होतो, घाण पाण्यातून पसरतो, हे आजीला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलेलं होतं, आणि त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री न बोलता जमिनीवर बसून राहिले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. तोंड उघडलं आणि बिघडलं.

म्हणून आजी तुला विचारते, "तुला काय शिकवलं?" मामाकडे बोट दाखवून तिनं कधीच कुणाला काही शिकवलं नाही.

तिचं शिकणं कसं असतं तेही सांगते. आमच्या लहानपणी कापणीचा सण मोठा असायचा. राहुरीकडच्या गावात पीक निघालं की ज्याच्या घरी जे असेल ते तो देवळात आणायचा. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी, पेरू, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीसमोर मांडायचं, आणि उपासना झाली की अंगणात लिलाव. शाळेचे गुरुजी ओरडायचे, एक वार, दोन वार! एका वर्षी गावातल्या एका विधवा आजीबाईंनी सहा अंडी आणली होती, जुन्या टोपलीत कडब्याच्या चुऱ्यावर ठेवून. कुणा पोराचा धक्का मेजाला लागला आणि टोपली खाली. चार फुटली. पिवळं बलक मातीत पसरलं, कोंबड्या तिकडे माना ताणू लागल्या, आणि त्या आजीबाई पदर तोंडाशी धरून तशाच उभ्या.

गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी उरलेली दोन अंडी तळहातावर घेतली आणि बोली सुरू केली. कुणीतरी पाच रुपयांना घेतली आणि पैसे देऊन परत मेजावर ठेवली. दुसऱ्यानं सात रुपयांना घेतली, त्यानंही परत ठेवली. असं होत होत त्या दोन अंड्यांचे पैसे कोंबडीच्या वर गेले. शेवटची बोली तुझ्या आजोबांची होती.

त्या रात्री आजीनं आम्हाला मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळची होती नव्हती ती दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेची बायबलमधली गोष्ट सांगितली. मग मी म्हणाले, "म्हणजे अंडी फुटली ते बरंच झालं ना? जास्त पैसे जमले." आजी एकदम म्हणाली, "बरं कसं झालं? फुटली ती फुटलीच. तिची चार अंडी गेली." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कोंबड्यांची चार अंडी फडक्यात गुंडाळून मला त्या आजीबाईंकडे पाठवलं. मला ते फार आवडलं होतं, आजही आवडतं. नुकसानीला ती फायदा म्हणायला तयार नव्हती. आपल्याला काय करायचं आहे, तेवढं मात्र तिला लगेच दिसलं.

पंडिता रमाबाईंचंही असंच होतं. त्यांच्या तरुणपणी दुष्काळात आई-वडील गेले, मोठी बहीणही गेली. तो दुष्काळ चांगला होता असं त्यांनी म्हणावं अशी अपेक्षा कुणीच करू नये. पण पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि शेकडो मुली तिथे वाढल्या, शिकल्या. उपास म्हणजे काय हे त्यांच्या पोटाला माहीत होतं, म्हणून त्या थांबल्या नाहीत. पुढच्या सुट्टीत आपण केडगावला जाऊ. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये छापून निघालं, ते तुला दाखवायचं आहे.

गाडीच्या बाबतीत आजी पुढे काय म्हणाली ते तू ऐकलं नाहीस, कारण तू फोन माझ्याकडे दिलास. तिनं विचारलं, "मग गाडी सुरू करायला केबल घेऊन कोण आलं?" मी सांगितलं, समोरच्या घरातले सरदारजी काका, तेवढ्या थंडीत पगडीवर टोपी ओढून. ती म्हणाली, नाव सांग, स्पेलिंग नको, नीट उच्चार सांग. तिची प्रार्थनेची वही असते ना, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात तिनं ते लिहून घेतलं. येशूच्या गोष्टीत यरीहोच्या वाटेवर जखमी माणसापाशी याजक थांबला नाही, लेवी थांबला नाही, परका मानला जाणारा शोमरोनी थांबला. हे तिनं मला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. आता रोज पहाटे नगरला त्या काकांसाठी प्रार्थना होते. त्यांना हे कळलं तर छान वाटेल असं मला वाटतं. तू सांगशील का?

सणांचंही लिहिते, कारण लवकरच झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, येतो आहे. आपल्या सणांमध्ये मला सगळ्यात जवळचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरची सात वचनं, प्रत्येक वचनावर वेगळा बोलणारा. लहानपणी पाय मुंग्यांनी भरून जायचे. त्यातलं चौथं वचन आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" येशूनं विचारलेलं 'का' आहे हे, शारू. त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. शनिवारीही आलं नाही, शनिवारी काहीच नसायचं, देऊळ बंद असायचं आणि आम्ही अंगणात आवाज न करता खेळायचो. मग रविवारी पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन सगळे दफनभूमीत जायचे, आपापल्या माणसांच्या कबरींजवळ उभे राहायचे आणि पुनरुत्थानाचं गीत म्हणायचे. माझे आजोबा जिथे पुरले आहेत तिथे उभं राहून "तो उठला आहे" म्हणताना मला दरवर्षी रडू यायचं आणि आनंदही व्हायचा. एवढा मोठा विश्वास असलेल्या लोकांनी शनिवार मात्र रिकामा ठेवला, शुक्रवारी संध्याकाळीच कुणी अर्थ सांगून मोकळं होत नव्हतं, हे मला आता मोठेपणी फार मोलाचं वाटतं.

म्हणून नाताळची उपासना चुकली याचं तुला अजून वाईट वाटत असेल तर वाटू दे. त्यात धडा शोधायची घाई करू नकोस. रविवारी आजीचा फोन येईल आणि ती परत विचारेलच, तिला आठवण असते. तेव्हा तिला सरळ सांग, "आजी, अजून काही कळलं नाही." ती रागावणार नाही. मीही तिला हे कितीदा सांगितलंय, आणि ती दरवेळी म्हणते, "बरं, कळलं की सांग," आणि मग जेवण काय केलं ते विचारते.

तुझी,
आई