सुपरवायझर झालो आणि दोस्त गप्प झाले

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत नऊ वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर होतो, चार महिन्यांपूर्वी त्याच लाइनवर सुपरवायझर केलं मला. ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला ते आता मी आलो की गप्प होतात. लाइनवर एक काका आहेत, २२ वर्षं सर्व्हिस, काही अडलं की पोरं मला न विचारता सरळ त्यांच्याकडे जातात. मी सांगितलं तर "हो साहेब" म्हणतात पण टोमण्यासारखं. मग वाद नको म्हणून मीच मशीन सेट करून देतो. दुसऱ्या शिफ्टला बदली मागू का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याकडे अंबड-सातपूरला शेजारच्या मशीनवरचा माणूस बरेचदा सिडकोतला शेजारीच असतो, मग कामावरचा अबोला गल्लीतल्या गणपतीपर्यंत येतो.

प्रमोशनचं लेटर ऑफिस देतं पण लीडर म्हणून ओळख शॉपफ्लोअरवरच मिळते. मिशिगन युनिव्हर्सिटीतले स्कॉट डीरू आणि सुझन अ‍ॅशफर्ड यांनी २०१० मध्ये हे फार नीट मांडलंय, की एकजण पुढाकार घेऊन लीडर असल्याचा दावा करतो आणि बाकीचे तो मान्य करतात किंवा करत नाहीत, आणि हे रोजच्या बारीकसारीक गोष्टींत चालू असतं, म्हणजे कोण कोणाला विचारतं, कोणाकडे बघून मान हलवतात वगैरे. मागे चालणारा ही पण एक ओळखच आहे बरं का, तीही अशीच घ्यावी आणि द्यावी लागते.

आता तुमचं बघा. मशीन अडलं की तुम्ही स्वतः ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) टाकायला धावता, तुम्हाला वाटतं वाद टळला, पण पोरांना काय दिसतं तर हा अजून ऑपरेटरच आहे आणि वर आपल्यावर भरवसा पण नाही. मला तर टोमण्यांपेक्षा हेच जास्त नडतंय असं वाटतं.

काकांना स्पर्धक समजू नका. सेटिंगमध्ये ते पुढे आहेत हे सगळ्या लाइनला माहितीये, मग ते तुम्हीच सगळ्यांसमोर बोला. शिफ्ट सुरू होताना म्हणा, काका, या जॉबचं रिजेक्शन वाढलंय, सेटिंग तुम्ही बघा, सोबत दोन पोरं घ्या, आणि कोणता जॉब आधी लावायचा, ओव्हरटाइम कोणाला, क्वालिटीवाल्यांशी बोलणं, हे मी बघतो. भजनात एकजण अभंग उचलतो आणि बाकीचे टाळ धरतात, पुढचा अभंग दुसरा कोणी उचलतो, त्यात कोणाला कमीपणा वाटतो का?

"हो साहेब" लगेच मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला आता काय हाक मारायची हेच त्यांना अजून कळत नाहीये. डबा एकत्रच खा. फक्त ओव्हरटाइम जवळच्यालाच दिला असं एकदाही व्हायला नको, ते पोरं विसरत नाहीत.

बदली आत्ता नका मागू. तिकडेही जुनी जाणती माणसं असणारच आणि हेच सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि स्वतःला पटायलाही वेळ लागतो हो, नऊ वर्षं हाताने काम केलेल्याला नुसतं उभं राहणं म्हणजे काम वाटतच नाही. पुढच्या वेळी मशीन थांबलं, आणि कोणाला धोका नसेल, तर दहा मिनिटं हात मागे ठेवा आणि त्या पोरालाच विचारा, तुला काय वाटतं, कुठे चुकतंय?