जुन्या होम कॉम्प्युटरच्या जॉयस्टिकसाठी लोक अजून एवढे हळवे का होतात? आजचे कंट्रोलर तर कितीतरी सरस आहेत.

सरस आहेत, यात वादच नाही. नुसत्या अचूकतेवर निवाडा करायचा तर १९८० च्या दशकातली कुठलीही जॉयस्टिक आजच्या साध्या गेमपॅडपुढे टिकणार नाही. तरीही मला तिची ओढ आहे. त्याचं कारण बालपणाच्या आठवणींपेक्षा त्या वस्तूच्या घडणीत जास्त आहे असं मला वाटतं. ती उघडली की पूर्ण कळायची.

अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलबरोबर यायची ती काळी जॉयस्टिक घ्या. चौकोनी बूड, मधोमध रबरी आवरणाचा दांडा आणि डाव्या कोपऱ्यात एकच लाल बटण. तळाचे चार स्क्रू काढले की आत सर्किटची छोटीशी पाटी आणि तिच्यावर पत्र्याच्या पाच फुगीर टिकल्या: चार दिशांच्या चार, बटणाची एक. दांडा कलला की त्या बाजूची टिकली दबते आणि सर्किट पूर्ण होतं, बस. तिरकं जायचं तर दोन टिकल्या एकदम दबतात. वायरी सहा: पाच स्विचच्या पाच आणि एक सामाईक. हळूच वळणं, अर्धवट कलणं हा प्रकारच नाही. स्विच लागला किंवा नाही लागला.

कॉम्प्युटरच्या बाजूनेही मामला तेवढाच सरळ होता. कमोडोर ६४ या होम कॉम्प्युटरवर बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पीक(५६३२०), म्हणजे मेमरीतल्या त्या क्रमांकाच्या जागेवरचा आकडा वाचायची आज्ञा, हिची किंमत छापत राहिलं की जॉयस्टिक मोकळी असताना १२७ दिसायचे. वर ढकलली की १२६, खाली ओढली की १२५, डावीकडे १२३, उजवीकडे ११९ आणि बटण दाबलं की १११. म्हणजे १२७ मधून अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ वजा. बिट, म्हणजे ० किंवा १ एवढंच सांगणारा कॉम्प्युटरच्या आकड्यातला एक अंक, हे मला पुस्तकातून कधीच नीट उमगलं नव्हतं. हाताच्या हालचालीबरोबर तो आकडा बदलताना पाहिला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजचा कंट्रोलर असं काही दाखवत नाही, कारण त्याच्या आणि आपल्या प्रोग्रॅमच्या मध्ये ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, थर बसलेले असतात.

त्याच मशीनची एक खोड जुन्या लोकांना हमखास आठवते. कमोडोर ६४ ला जॉयस्टिकचे दोन पोर्ट होते, पण पोर्ट १ च्या वायरी कीबोर्डबरोबर वाटून घेतलेल्या होत्या. त्यात जॉयस्टिक लावून बटण दाबलं की कॉम्प्युटरला वाटायचं, कुणीतरी स्पेसबार दाबतंय. दांडा डावीकडे धरला की कंट्रोल की दाबल्यासारखं व्हायचं आणि स्क्रीनवर सरकणारं प्रोग्रॅमचं लिस्टिंग संथ व्हायचं. म्हणूनच एकट्याने खेळायचे बहुतेक गेम पोर्ट २ मागायचे. झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या होम कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या मॉडेलना तर पोर्टच नव्हता. वेगळा इंटरफेस मागे लावायचा आणि गेम सुरू होताना केम्पस्टन, सिंक्लेअर की कर्सर, यातला आपला इंटरफेस कोणत्या प्रकारचा ते निवडायचं.

अटारीचा तो ९ पिनांचा प्लग पुढे कमोडोर, ॲमस्ट्रॅड, अमिगा अशा अनेकांनी उचलला आणि त्यामुळे निवडीची खरी मजा आली. कॉम्प्युटर कुणाचाही असो, जॉयस्टिक आपल्या हाताला बसेल ती घ्यायची. कॉम्पिटिशन प्रोचा लाल गोळा आणि मायक्रोस्विचचा, म्हणजे दबताच खटका देणाऱ्या छोट्या स्विचचा, टिक-टिक आवाज: दिशा लागली हे स्क्रीनकडे न बघताही कानाला कळायचं. क्विकशॉट २ ला पिस्तुलासारखी मूठ, बुडाला टेबलावर चिकटणारे रबरी कप आणि ऑटोफायर, म्हणजे बटण आपोआप भराभर दाबल्यासारखं करणारी सोय. कोनिक्स स्पीडकिंग तर टेबलावर ठेवायचीच नाही, डाव्या मुठीत धरायची. मला विचाराल तर मायक्रोस्विचवाल्या सगळ्यात भरवशाच्या. क्विकशॉट दिसायला रुबाबदार होती, पण तिच्या मुठीची हालचाल मला नेहमीच लांबलचक वाटली.

आणि या सगळ्यांची परीक्षा घेणारा गेम म्हणजे १९८४ चा डेली थॉम्पसन्स डेकॅथलॉन. धावायचं म्हणजे दांडा डावी-उजवीकडे जिवाच्या आकांताने हलवायचा. जितका वेगात हलेल तितका खेळाडू पळेल. मनगट भरून यायचं, तळहात लाल व्हायचा आणि कच्ची जॉयस्टिक तिथेच राम म्हणायची. मग उघडायची. कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर स्पिरिटने पुसायचे, पत्र्याची पट्टी वाकली असेल तर हलक्या हाताने सरळ करायची. एकच दिशा चालेनाशी झाली तर पहिला संशय केबलवर घ्यायचा. ती जिथे आत शिरते तिथेच वायर तुटलेली असायची. तेवढा तुकडा कापून पुन्हा डाग दिला की काम भागायचं. दुरुस्त केलेल्या जॉयस्टिकवर जीव जडतो तो असा.

उणिवा होत्याच. बटण एकच असल्यामुळे कित्येक गेममध्ये उडी मारायला दांडा वर ढकलावा लागे, आणि तिरकी उडी ऐन वेळी चुकायची. पण त्याच एका बटणातून मारामारीचे गेम लिहिणाऱ्यांनी कमाल केली. आठ दिशा, बटण दाबून आणि न दाबता, अशा सोळा जोड्यांवर लाथा-बुक्क्यांचा अख्खा संच बसवला. ते बोटांत मुरायला वेळ लागायचा, पण एकदा मुरलं की विसरत नसे.

शरीराच्या सवयीचाही भाग आहे. अटारीची जॉयस्टिक डाव्या हातात धरायची, डावा अंगठा बटणावर आणि दिशा उजव्या हाताने. गेमपॅडवर दिशा डाव्या अंगठ्याकडे गेली. मनगट आणि दंड लावून खेळणाऱ्यांना अंगठ्याचं काम अपुरं वाटतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

तुम्हाला हे अनुभवून बघायचं असेल तर जुना गेम एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कीबोर्डवर खेळून मत बनवू नका. मायक्रोस्विच असलेली यूएसबी जॉयस्टिक मिळते. जुनी कुणाकडे पडून असेल तर ९ पिनांवरून यूएसबीला जोडणारे अडॅप्टरही मिळतात. कमोडोरचा गेम असेल तर एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ती पोर्ट २ ला लावलेली आहे ना, तेवढं आधी बघा.