गरोदरपणातल्या खाण्याने बाळाची पुढची शुगर टळते का?

तुम्ही विचारलंय की बहीण पाचव्या महिन्यात आहे, शाकाहारी आहे, घरात आजोबांपासून सगळ्यांना शुगर. मग तिने आता नीट खाऊन काही उपयोग आहे का?

आहे. टळेलच अशी हमी नाही, पण फरक पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांच्या नोंदी ठेवल्या. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. गंमत अशी की आपल्या बाळांची कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, आणि अशा अंगाला शुगर लवकर धरते.

हे वाचलं तेव्हा माझं स्वतःचं कोडं सुटलं. सदतिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा मी ५८ किलोचा होतो. सगळे विचारायचे, ‘तुला कशी काय? तू तर काटकुळा!’ (याज्ञिकांनी स्वतःचं उदाहरण छापलंय: ते आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, यांची २१.२.) मी पोटात होतो तेव्हा घरात दोन म्हशी होत्या, पण दूध सगळं डेअरीला. आई शेवटी जेवायची, भाजी संपलेली असायची. वर ‘बेताने खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल’ हेही होतंच.

म्हणून ताटाबद्दल बोलतो. त्या अभ्यासात बाळाचा आकार आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी जास्त जुळला. तेव्हा ‘दोन जिवांची आहेस, अजून एक पोळी घे’ यापेक्षा मेथी, शेपू, राजगिरा, चाकवत, जे मिळेल ते रोज, आणि पेरू किंवा केळं.

शाकाहारी आहे म्हणून बी-१२ या जीवनसत्त्वाकडे खास बघा. ते पालेभाजीत नसतं. दूध, दही, ताकात थोडंफार मिळतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिकच्या गोळीतून मिळतं ते) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त आढळलं. याचा अर्थ फोलिकची गोळी बंद करा असा मुळीच नाही! बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या, कमी निघालं तर डॉक्टर औषध देतील. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ग्लुकोज पाजून करतात ती शुगरची तपासणीही चुकवू नका, आधी एकदा नॉर्मल आली असली तरी. आईची वाढलेली शुगरही बाळाला पुढे भोवते.

बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग मऊ भात, वरण, नाचणी, भाज्या. साखर नको. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं. त्याआधी, म्हणजे पोटात असताना आणि पहिली एक-दोन वर्षं, ज्यांच्या वाट्याला साखर बेताची आली, त्यांच्यात मोठेपणीचा टाइप २ मधुमेह साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला. तेव्हा दुधात बिस्किट बुडवून भरवणाऱ्या आजोबांना आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडे मला सांगायला उशीर झाला, पुतण्या आता बिस्किटाशिवाय दूधच घेत नाही.