समुद्राजवळच्या घराला उष्णतारोधक गॅरेजचे दार घ्यावे का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर समुद्रापासून काही शे मीटरवर आहे, गॅरेज घराला लागूनच आहे, जुने पत्र्याचे दार खालून गंजून गेले आहे, आणि आता फोम भरलेले उष्णतारोधक दार घ्यावे की साधेच, हे ठरत नाही. दारे आणि शटर बसवण्याच्या व दुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि त्यातले पुष्कळसे काम किनाऱ्यालगतच्या घरांचे असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या गॅरेजला उष्णतारोधक दार उपयोगी पडेल असे मला वाटते, पण ते कोणत्याही बांधणीचे चालणार नाही. किनाऱ्यावर दार निवडताना आधी मिठाचा, मग वाऱ्याचा आणि त्यानंतर उष्णतेचा विचार करावा. विक्रेते बहुधा उलट्या क्रमाने बोलतात, आणि चांगल्यापैकी पैसे मोजून घेतलेली दारे अकाली बाद होण्याचे कारण बरेचदा तेच असते.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतले मीठ दारावर बसते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की खाण्याचे मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओला होतो. त्यामुळे हाताला कोरडा वाटणारा पत्राही किनाऱ्यावर बहुतेक वेळ खाऱ्या पाण्याच्या अदृश्य थराखाली असतो. पहिल्या काही शे मीटरांत हा मारा सर्वाधिक असतो आणि पुढे झपाट्याने कमी होतो, अर्थात लाटा किती फुटतात आणि वारा कोणत्या बाजूने येतो यावरही ते अवलंबून असते.

आता जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा हिशेब पाहा. ‘झेड २७५’ प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉनचा थर. आयएसओ ९२२३ या मानकात हवेच्या गंजकारकतेचे वर्ग दिले आहेत. त्यातल्या सी ५ वर्गात, म्हणजे अतिशय गंजकारक हवेत, उघडे जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजते. याचा अर्थ रंगाखाली नसलेला थर पाच वर्षांच्या आतच संपतो. ‘झेड १२०’ सारखा हलका पत्रा असेल तर त्याच हवेत तो दोन वर्षेही धड निघत नाही. रंग शाबूत आहे तोवर पत्रा टिकतो, पण रंग नेमका कापलेल्या कडांवर, स्क्रूच्या भोकांभोवती आणि घासल्या जाणाऱ्या जागी नसतो, आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. म्हणून विक्रेत्याला पत्र्याची जाडी विचारून थांबू नका; मुलामा कोणत्या प्रतीचा आहे आणि कडा कशा बंद केल्या आहेत, हेही विचारा.

उष्णतारोधक दाराच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट येते, आणि माझ्या मते तुमचा निर्णय तिच्यावरच अवलंबून ठेवावा. अशी दारे ढोबळमानाने दोन प्रकारे बनतात. एकात तयार पॅनेलच्या पोकळीत थर्माकोलच्या पाट्या कापून सरकवलेल्या असतात आणि मागे पातळ प्लास्टिकचा पडदा किंवा दुसरा पत्रा असतो. दुसऱ्यात दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेन, म्हणजे आपण ज्याला पफ म्हणतो तो फोम, द्रवरूपात सोडतात. तो फुगून घट्ट होतो आणि दोन्ही पत्र्यांना चिकटतो. उष्णता अडवण्याच्या बाबतीत तेवढ्याच जाडीचा पफ थर्माकोलच्या सुमारे दीडपट चांगला असतो. किनाऱ्यावर मात्र त्याहून मोलाची गोष्ट ही की चिकटलेल्या फोमला आणि पत्र्याला मध्ये फट राहत नाही. थर्माकोलच्या पाटीमागे बारीक फट राहतेच, तिच्यात खारट दमट हवा शिरते, रात्री पत्रा गार झाला की तिचे पाणी होते, आणि ते खाली उतरून तळच्या पॅनेलच्या घडीत साचते. असे एक पॅनेल उतरवून उघडले तेव्हा बाहेरचा रंग जवळजवळ नवा होता. बोटाच्या पेराने ठोकल्यावर मधला भाग नीट वाजत होता आणि खालचे चार बोटे नुसते बद्द बद्द ऐकू येत होते. घडी उलगडली तर पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे होते आणि थर्माकोलची कड त्याच रंगात भिजलेली होती. असे दार बाहेरून दिसायला चांगले असताना आतून गेलेले असते आणि वाऱ्याच्या दिवशीच ते कळते. आताचे तुमचे दार पोकळ पॅनेलचे असेल तर हीच ठोकून पाहण्याची परीक्षा त्यावर करून पाहा.

म्हणून किनाऱ्यावर उष्णतारोधक दार घ्यायचेच तर पफ भरलेले, आणि शक्यतो ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या पृष्ठाचे घ्यावे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण ते अमर नाही: पावडर कोटिंगखाली कापलेल्या कडेपासून केसासारख्या रेषा सरकत जातात आणि पांढरी भुकटी धरते, तेव्हा कोटिंगआधीची रासायनिक प्रक्रिया नीट झालेली असणे गरजेचे आहे. फायबरग्लास मिठाला दाद देत नाही. उन्हाने कालांतराने त्याचा रंग विटतो आणि जोराच्या धक्क्याने ते तडकू शकते.

उष्णतेचा फायदा किती, हे गॅरेजच्या वापरावर ठरते. गॅरेज घराला लागून असेल, वर किंवा शेजारी झोपायची खोली असेल, आत एसी किंवा हीटर चालत असेल, किंवा दार पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून असेल, तर फरक नक्की जाणवतो, शिवाय रस्त्याचा आवाजही थोडा कमी होतो. गॅरेज घरापासून वेगळे आणि फक्त गाडीपुरते असेल, तर आतले आणि बाहेरचे तापमान थोड्या वेळात सारखेच होते आणि फोमचे पैसे फारसे वसूल होत नाहीत. माहितीपत्रकातला उष्णतारोधाचा आकडा बरेचदा पॅनेलच्या मध्यभागाचा असतो; सांधे, चौकट आणि कडेच्या फटी धरल्या की संपूर्ण दाराचा आकडा बराच खाली येतो. गडद रंग मात्र टाळाच. उन्हात बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा ४० अंशांनी तापला, तर पाच मीटर रुंदीत पोलाद जवळजवळ अडीच मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम साडेचार मिलिमीटर जास्त पसरते. दोन्ही पत्रे फोमने एकमेकांना बांधलेले असल्यामुळे पॅनेल बाहेरच्या बाजूला फुगते आणि कडेच्या रबर पट्ट्या चौकटीपासून सुटतात. दार घट्ट बसले की हवाही कोंडते, याचाही विचार करा: पावसात भिजलेली, खारे पाणी गळणारी गाडी बंद गॅरेजमध्ये उभी राहिली तर ओल आतच राहते, म्हणून वायुविजनाची जाळी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच.

वाऱ्याकडे वळतो. ताशी १८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भरतो. पाच मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच दारावर तो पावणेदोन टनांच्या घरात जातो. दार आत कोसळले की वारा घरात शिरून छताला आतून वर ढकलतो, आणि १९९२ साली फ्लोरिडातल्या अँड्र्यू चक्रीवादळात कित्येक घरांची छपरे जाण्यात गॅरेजच्या दारांचा वाटा मोठा होता. पफ भरलेले पॅनेल ताठ असते हे खरे, पण ताठपणा म्हणजे वाऱ्याची चाचणी नव्हे. संपूर्ण दार, म्हणजे पॅनेल, ट्रॅक, बिजागऱ्या आणि भिंतीतले बोल्ट मिळून, आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा किती दाब सोसते, हे दोन्ही आकडे लेखी मागा आणि तुमच्या भागातल्या बांधकाम नियमांशी ताडून पाहा. ते देता येत नसतील तर त्या दाराला फोम कितीही चांगला असला तरी मी ते किनाऱ्यावर बसवणार नाही.

लोखंडी सामानाबद्दल थोडेच सांगतो, पण दार बंद पडते ते बहुधा त्यामुळेच. उष्णतारोधक दार जड असते, त्यामुळे स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळणारी नवीच हवी. जुनी वापरू नका. साधारण स्प्रिंग १०,००० उघडझापांसाठी बनवलेली असते आणि गंजाचे खड्डे पडले की त्याआधीच तुटते. ताणलेली स्प्रिंग जीवघेणी असते, ती शिकलेल्या कारागिराकडूनच बसवून घ्या. स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या घ्या, कारण ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतात. जिथे स्टेनलेस ॲल्युमिनियमला टेकते तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर घाला; नाहीतर ओल्या मिठात त्या दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. चाके नायलॉनची, बंद बेअरिंगची असावीत.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून, गॅरेज घराला लागून असल्यामुळे, पफ भरलेले, फिक्या रंगाचे, ॲल्युमिनियमच्या पृष्ठाचे आणि वाऱ्याच्या दाबाचा लेखी दाखला असलेले दार मी निवडले असते. एवढे सगळे खर्चात बसत नसेल तर फोम सोडा, सामान आणि वाऱ्याची क्षमता सोडू नका; साधे ॲल्युमिनियमचे मजबूत दार थर्माकोल भरलेल्या पोलादी दारापेक्षा तिथे जास्त टिकेल. ऑर्डर देण्याआधी वॉरंटीचा कागद शेवटपर्यंत वाचा, कारण समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतली घरे त्यातून वगळलेली असू शकतात किंवा नियमित धुण्याची अट असते. तशी अट नसली तरी महिन्यातून एकदा दार गोड्या पाण्याने धुवा, आणि धुताना आतली बाजू, पॅनेलचे सांधे आणि तळच्या रबर पट्टीची खाच विसरू नका, कारण तिथले मीठ धुऊन काढायला पाऊस कधीच पोहोचत नाही.